श्रावण पाळला, पोळ्यानंतर काय?



श्रावण उतरणीला लागला. पोळा आठ दिवसांवर आला. पिंपळगावकडे टोमॅटोचे कॅरेट भरू लागले आहेत, चांदवड-येवल्याकडे पोळ कांद्याची धांदल आहे, आणि द्राक्षबागायतदारांच्या डोक्यात ऑक्टोबर छाटणीचे गणित सुरू झाले आहे. अशा दिवसांत ह्या सदरात पीक सोडून दुसरे काही लिहू नये, हे मला कळते. तरीही आज पीक बाजूला ठेवतो. आज जे सांगायचे आहे ते पोळ्याच्या आतच सांगायला हवे. पोळा झाल्यावर उशीर होतो.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आषाढी अमावास्येला, म्हणजे गटारीला, पोटभर पिऊन घ्यायची. मग श्रावणभर बाटलीला शिवायचे नाही. आणि पोळ्याला बैलांना पुरणपोळीचा घास दिला, मिरवणूक झाली, की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू. "महिनाभर सोडून दाखवली की नाही? मग मला व्यसन कसले?" असे छातीवर हात मारून सांगणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांना मी आता एवढेच विचारतो, "भाऊ, महिनाभर जमले हे खरे. मग पुढच्या दिवशी का नाही जमले?"

दारू सोडणे आणि सोडलेली राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. बाग लावणे वेगळे आणि बाग जगवणे वेगळे, तसेच हे. सोडणे एकट्याला जमते, काहींना तर दहा वेळा जमते. राखणे मात्र एकट्याने फार थोड्यांना साधते. त्याला सोबत लागते. ती सोबत कुठे मिळते आणि कशी शोधायची, हे आजच्या लेखाचे काम.

माझी चूक

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे मी हे का लिहितो ते कळेल.

नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. एका गावात कांद्याचे बी करणारा एक शेतकरी होता. माणूस कष्टाळू, हाताला गुण असलेला. पण प्यायचा. एके दिवशी मी डोंगळ्याचा प्लॉट पाहायला गेलो, तर त्याच्या मालकिणीने मला बांधावरच थांबवले. म्हणाली, "साहेब, कांद्याचं राहू द्या. ह्यांच्यावरचं एखादं औषध सांगा."

मी तरुण होतो, राहुरीहून पदवी घेऊन आलो होतो, आणि सगळ्याला माझ्याकडे उत्तर आहे असे मला वाटत होते. मी त्याला लिंबाखाली बसवून तासभर व्याख्यान दिले. वर्षाला किती रुपयांची दारू होते, तेवढ्यात किती पाइपलाइन झाली असती, हा हिशेब वहीत मांडून दाखवला. तो मान खाली घालून ऐकत होता. मग गावच्या चार जणांसमोर मारुतीच्या देवळात शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली आणि त्याच दिवसापासून सोडली.

दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसू लागले, गोठ्यात नसलेल्या बैलांना तो हाका मारू लागला. घरच्यांना वाटले बाहेरचे काही लागले. त्यांनी भगताला बोलावले. शेवटी कोणीतरी दोन घोट पाजले तेव्हा तो शांत झाला. शपथ तिथेच मोडली. त्यानंतर माझी मोटारसायकल दिसली की तो वाट बदलायचा.

दोन वर्षांनी तो गेला. दहाव्याला मी गेलो, तेव्हा त्याची मालकीण एवढेच म्हणाली, "तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटायची त्यांना."

मंडळी, ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. माझा हेतू चांगला होता. पण डॉक्टरला दाखवायचे मला सुचले नाही, आणि जे त्याला आधीच माहीत होते तेच मी त्याला तासभर ऐकवले. वर लाज तेवढी वाढवून ठेवली.

पुस्तक आणि शेजाऱ्याचे शेत

विस्ताराच्या कामात एक गोष्ट मी फार लवकर शिकलो होतो, पण ती इथे लावायचे डोके मला नव्हते. ठिबक बसवा म्हणून मी पत्रके वाटली, सभा घेतल्या. कोणी हलले नाही. मग एकाने बसवले. त्याच्या बांधावर आम्ही शिवारफेरी नेली. पन्नास शेतकऱ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि त्यालाच प्रश्न विचारले. नळ्या चोंदतात का? उंदीर कुरतडतात का? पैसे किती दिवसांनी फिटले? त्या हंगामात त्या गावात आणखी चौघांनी ठिबक घेतले. शेतकरी साहेबाचे ऐकतो, पण विश्वास ठेवतो तो ज्याने केले आहे त्याच्यावर.

दारूच्या बाबतीत हीच गोष्ट दोन अमेरिकन माणसांना १९३५ साली सापडली. बिल विल्सन नावाचा एक शेअर दलाल होता. दारूने त्याचे वाटोळे झाले होते, आणि तो नुकताच कुठे सावरत होता. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी तो धंद्याच्या कामाला गेला आणि काम फसले. हॉटेलात एकटा उभा असताना शेजारच्या दारूच्या दालनातले हसणे-खिदळणे त्याच्या कानावर येत होते. आत जाण्याऐवजी त्याने टेलिफोन उचलला. तिथल्या चर्चच्या लोकांना तो विचारू लागला, "ह्या गावात दारू न सुटणारा दुसरा एखादा माणूस आहे का? मला त्याच्याशी बोलायचे आहे." त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्याशी. दोघे तासन्‌तास बोलत बसले. उपदेश कोणी कोणाला केला नाही, आपापली कहाणी सांगितली. डॉक्टरांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा घोट घेतला. तो दिवस 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ह्या मंडळाचा जन्मदिवस मानतात. लोक त्याला नुसते 'एए' म्हणतात. अनामिक मद्यपींचे मंडळ, असा त्याचा अर्थ.

आपल्या देशात ह्या मंडळाचे काम १९५७ साली मुंबईत सुरू झाले. आता ते नाशकातही आहे, आणि बोलणे आपल्याच मराठीत चालते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. तिथे राहून उपचार घेता येतात, पण तिथलेही म्हणणे हेच, की बाहेर पडल्यावर पाठपुरावा आणि सोबत्यांची बैठक सोडू नका.

ह्याचा उपयोग होतो का, असे कोणी विचारील. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे, मीही विचारले. २०२० साली २७ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दारू पूर्ण बंद ठेवण्याच्या बाबतीत एएकडे पद्धतशीर वळवण्याचा मार्ग इतर प्रचलित उपचारांच्या तोडीचा, आणि बरेचदा सरस ठरला. सगळ्यांना लागू पडतो असे नव्हे. पण आपल्याकडे माळ घालून वारकरी झालेली आणि दारू सुटलेली माणसे आपण पाहिली आहेतच. त्यांना माळेने सांभाळले हे खरे, पण त्याबरोबर भजनाच्या मंडळींनी आणि दिंडीनेही सांभाळले. दिंडीत कोणी एकटा चालत नाही.

निफाडकडचा बागायतदार

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या घरी तीच वेळ आली. त्याचे नाव लिहीत नाही. बाकीचे त्याच्या परवानगीने लिहितो. पाऊस उघडल्यावर फवारणी व्हायला हवी होती, पण हा दोन दिवस शुद्धीवर नव्हता. केवड्याने घड गेले. त्याची मालकीण रडत नव्हती, हेच मला जास्त लागले. मी म्हणालो, "वहिनी, ह्या वेळी मी व्याख्यान देणार नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊ."

दवाखान्यात काही दिवस काढले. अंगातली दारू उतरली, झोप लागू लागली. मग सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशकाने एएच्या मीटिंगचा पत्ता दिला. आठवड्यातला वार, संध्याकाळची वेळ, नाशकातल्या एका शाळेची खोली. तो म्हणाला, "साहेब, तिथं ओळखीचा निघाला तर?" मी म्हणालो, "निघाला तर तोही त्याच कामाला आला असेल."

पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. खुली मीटिंग होती म्हणून मलाही बसता आले. बाके, फळा, शेवटी चहा. कोणी नाव-गाव लिहून घेतले नाही, पैसे मागितले नाहीत. एकेक जण उठून पहिल्या नावाने आपली ओळख सांगत होता, आपण दारुडे आहोत हे स्वतःच्या तोंडाने म्हणत होता, आणि आपली हकीकत सांगत होता. मध्येच कोणी बोलत नव्हते, सल्ला देत नव्हते. तिथे काय काय ऐकले ते मी इथे लिहिणार नाही. तिथले तिथेच ठेवायचे हा तिथला रिवाज आहे, आणि म्हणूनच माणसे तिथे खरे बोलतात. एवढेच सांगतो, की पायात साधी चप्पल असलेला आणि बूट-पाटलोणीतला शेजारी बसले होते आणि दोघांचे बोलणे एकच होते.

परतताना आमचा माणूस आडगावपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही बोलता तेव्हा मला वाटतं तुम्ही वरून बोलता. आज ती माणसं माझ्याच शेजारी बसून बोलत होती."

आठ महिने तो नेमाने गेला. मग चुलतभावाच्या हळदीत घसरला. घरच्यांनी डोके धरले. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसला, आणि कोणी त्याला हसले नाही. माझ्या पहिल्या शेतकऱ्याला ही परतायची जागाच नव्हती. देवळातली शपथ एकदा मोडली की तोंड लपवावे लागते. मीटिंगमध्ये मोडल्यावरही परत येता येते. आज त्याला सहा वर्षे होत आली. विचारले तर सहा वर्षे म्हणत नाही. "आज घेतली नाही," एवढेच म्हणतो.

शोधायचे कसे?

आता कामाचे मुद्दे. कापून ठेवा.

पहिले, डॉक्टर. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी, घरीच बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच थरथर आणि घाम सुटतो. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो. यात जीवही जातो. हे बाहेरचे काही नसते. झटका आला किंवा माणूस बरळू लागला तर १०८ ला फोन करा. ग्रामीण रुग्णालयात किंवा नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात किती पितो ते न लपवता सांगा.

दुसरे, पत्ता. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी फोन आहे, आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा. दोन्हीला पैसे पडत नाहीत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागातही विचारा. एएची स्वतःची चौकशी-सेवाही आहे. तिथे चार गोष्टी विचारा. मीटिंग कोणत्या वारी आणि किती वाजता? मराठीत आहे का? खुली की बंद? खुल्या मीटिंगला घरचे बसू शकतात, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची असते. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, कारण जागा आणि वेळ बदलते.

तिसरे, शेवटची एसटी. हे क्षुल्लक वाटेल, पण खेड्यातला माणूस इथेच अडतो. मीटिंग संध्याकाळची, आणि सुटेपर्यंत कळवण-सुरगाण्याकडची शेवटची गाडी गेलेली असते. स्टँडवर एकट्याने काढलेली रात्र घसरायला पुरते. म्हणून आधी परतीची सोय ठरवा, मग जायचा दिवस. नाशकात नातेवाईक असेल तर मुक्काम ठेवा. मार्केटला माल घेऊन जायचा दिवस आणि मीटिंगचा वार जुळवता आला तर उत्तम. पट्टीचे पैसे मात्र त्या दिवशी मालकिणीच्या हाती द्या. मोबाईलवरूनही मीटिंग होतात. पावसाळ्यात आणि हंगामात त्यांचा आधार घ्या.

चौथे, पहिल्यांदा सोबत जा. भाऊ, मेहुणा, मित्र, कोणीही. पण दारापर्यंत. आत बोलायचे काम त्याचे. एका मीटिंगवरून मत बनवू नका. चार-पाच वेळा जाऊ द्या, जमले तर दुसरा गटही पाहा. देवाचे नाव निघते, पण प्रत्येकाने आपल्या समजुतीचा देव धरायचा असतो. जातपात, पक्ष, धर्म कोणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा असली की माणूस आत येऊ शकतो.

पाचवे, घरच्यांसाठी. पिणारा एक असतो, पण आजारी घर पडते. बायका-मुलांसाठी 'अल-अनॉन' नावाचे वेगळे गट आहेत. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' आहे. नवरा यायला तयार नसला तरी बाईने एकटीने जायला हरकत नाही. तिचेही कोणीतरी ऐकायला हवे.

सहावे, दोन धोके. चहात किंवा भाजीत गुपचूप गोळी घालू नका. दारू नकोशी करणारी ती गोळी माणसाला न सांगता दिली आणि वर त्याने दारू घेतली, तर जिवावर बेततं. 'रुग्णाला न कळत दारू सोडवा' अशा जाहिरातींतल्या पुड्यांच्याही नादी लागू नका. दुसरे, पिणाऱ्याच्या घरात कीटकनाशकाचे डबे उघड्यावर ठेवू नका. कुलूप लावा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. कृषी खात्याचा माणूस म्हणून हे हात जोडून सांगतो. उतरत्या रात्री मन काळे होते, आणि डबा हाताशी असेल तर विचार करायला वेळ मिळत नाही.

जवळ मीटिंगच नसेल तर?

पेठ, सुरगाण्याकडचा वाचक म्हणेल, "साहेब, नाशिक आम्हाला कुठे जवळ आहे?" खरे आहे. पण एएची सुरुवात दोन माणसांनी केली, हे विसरू नका. तुमच्या गावात सोडलेला एक आणि सोडू पाहणारा एक, असे दोघे मिळाले तरी पुरे. आठवड्यातला एक वार ठरवा. जागा शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, नाहीतर कोणाची पडवी. जवळच्या गटाला कळवा. त्यांची अनुभवी माणसे बोलावले तर मार्ग दाखवतात, कारण दुसऱ्याला हात दिल्याने आपली दारू लांब राहते अशी त्यांची श्रद्धा आहे. मराठी पुस्तिकाही ते देतात. फक्त सरपंचाच्या हस्ते उद्घाटन आणि फोटो करू नका. नाव झाकलेले राहिले तरच माणूस येईल.

आणि गावकऱ्यांनो, कोणी तिथे जाताना दिसला तर पारावर त्याची चर्चा करू नका. पोळ्याच्या दिवशी "एक घोटाने काय होतंय" म्हणून आग्रह करू नका. त्याला एका घोटानेच होते.

ज्यांनी हा श्रावण पाळला त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. जमीन तयार झाली आहे, वाफसाही आहे. ह्या आठ दिवसांत एक फोन करा आणि मीटिंगचा वार विचारून ठेवा. पोळ्याच्या संध्याकाळी बैल गोठ्यात बांधल्यावर हात रिकामे राहतात, तेव्हा जायला एक जागा ठरलेली असू द्या.

पुढच्या आठवड्यात ऑक्टोबर छाटणीपूर्वी बागेची तयारी आणि माती-पाणी तपासणी. तोवर राम राम.